नवा बेल्ट पुन्हा ओरडू नये म्हणून: जुन्या गाडीची अल्टरनेटर पुली आणि बेल्ट बदलण्याची क्रमवार रीत

बेल्ट बदलला की आवाज जातो. महिना-दीड महिन्याने सकाळच्या पहिल्या स्टार्टला तीच चीं-चीं परत येते. मग बेल्ट आणखी ताणला जातो, आवाज दबतो, आणि त्या जादा ताणाने अल्टरनेटरचं (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचं) किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग घरघरायला लागतं. या सगळ्या फेऱ्यात पुलीकडे कुणी बघितलेलंच नसतं. झिजलेल्या पुलीवर नवा बेल्ट चढवला तर तो थोड्याच दिवसांत तिच्या बिघडलेल्या आकाराप्रमाणे झिजतो. म्हणून इथे दोन्ही कामं एकत्र घेतली आहेत.

ही रीत बेल्टचा ताण हाताने लावायच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे अल्टरनेटर खालच्या बोल्टवर झुलतो आणि वरच्या पट्टीतल्या लांबट भोकात आवळला जातो, किंवा ताणासाठी वेगळा लांब स्क्रू असतो. स्प्रिंगचा आपोआप ताणणारा टेन्शनर असेल तर ताणाचा भाग सोडून बाकी सगळं लागू आहे.

१. काहीही सोडण्याआधी: दोष बेल्टचा की पुलीचा?

इंजिन बंद, किल्ली बाहेर, टॉर्च हातात. आधी बेल्ट कोणत्या जातीचा आहे ते बघा. जुन्या गाड्यांत एकच जाड, उतरत्या बाजूंचा व्ही बेल्ट असतो. त्यानंतरच्या गाड्यांत आतल्या बाजूला चार-सहा बारीक रिब असलेला चपटा बेल्ट येतो.

व्ही बेल्ट खोबणीच्या दोन बाजूंवर पकड घेतो, तळावर नाही. त्यामुळे त्याची वरची कड पुलीच्या काठाशी सपाट किंवा जराशी वर असायला हवी. ती काठाच्या दीड-दोन मिलीमीटर खाली गेली असेल, तर बेल्ट झिजलाय, पुली झिजलीय किंवा दोन्ही. कोण ते खोबणीचा तळ सांगतो. बेल्ट बाजूला सारून तळावर प्रकाश टाका. तिथे मळकट, गंजाळ पातळ थर दिसला तर ठीक. तळ आरशासारखा चकाकत असेल, तर बेल्ट तळाला टेकून घसरतोय. खोबणीच्या बाजूंवर नख फिरवा. सरळ उतार हवा. मध्ये वाटीसारखा खोलगटपणा लागला तर ती पुली बाद.

रिबच्या पुलीत खोबणींमधले शेंडे बघायचे. नव्या पुलीत ते किंचित गोलसर असतात, झिजलेलीत बोटाला टोचतात. गाडी बरेच महिने उभी असेल तर खोबणीत गंजाचे खड्डे पडतात आणि ते कानशीसारखे बेल्ट खरवडतात. पुलीभोवती, अल्टरनेटरच्या तोंडावर काळी बारीक पूड साचलेली दिसेल, ती त्याचीच.

बेल्टवर भेगा नाहीत म्हणून तो चांगला, असं समजू नका. जुन्या रबराला भेगा पडायच्या. आताचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, ते न तडकता टायरसारखे झिजत जातात. रिबमधल्या दऱ्या रुंद आणि खोल झाल्या की बेल्ट पुलीत खाली बसतो आणि पकड सोडतो.

तपासणी: इंजिन आयडलला ठेवून फिरत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर, हात लांब ठेवून, बाटलीतून पाण्याचे चार-दोन थेंब उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज वाढला, तर बेल्ट घसरतोय. अल्टरनेटरवर पाणी ओतायचं नाही.

बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे मिळतात. आवाज बंद होतो तो काही दिवसांपुरता. चिकटपणावर धूळ बसते, ती पुली आणखी झिजवते, आणि खरा दोष मात्र झाकला जातो.

२. सुटे भाग मोजून आणा

बेल्टच्या पाठीवरचा नंबर वाचता येत असेल तर निम्मं काम झालं. ‘४ पीके ८८०’ म्हणजे चार रिब आणि ८८० मिमी लांबी. ‘एव्ही १० × ८००’ म्हणजे वरची रुंदी १० मिमी, लांबी ८०० मिमी. नंबर पुसला असेल तर जुन्या बेल्टला दोरी लावून लांबी मोजू नका. जुना बेल्ट ताणलेला असतो, शिवाय मागच्या वेळी चुकीचा बसवला असण्याचीही शक्यता असते. इंजिनच्या मॉडेलवरून नंबर काढा.

पुलीच्या बाबतीत ‘तशीच दिसते’ हे पुरेसं नाही. व्हर्नियर घेऊन पाच गोष्टी जुळवा:

- बाहेरचा व्यास. लहान पुली आली तर अल्टरनेटर जास्त वेगाने फिरतो आणि बेल्टची मिठी, म्हणजे पुलीभोवतीचा वेढा, कमी होते. मोठी आली तर आयडलला चार्जिंग पडतं.
- मधल्या भोकाचा व्यास. बऱ्याच अल्टरनेटरना १७ मिमी असतो, काहींना १५. दोन्ही गृहीत धरू नका.
- खोबणीची रुंदी किंवा रिबची संख्या.
- मागच्या तोंडापासून पहिल्या खोबणीपर्यंतचं अंतर. सगळ्यात जास्त चूक इथे होते. अंतर दोन मिलीमीटरनी चुकलं तरी बेल्ट तिरका धावतो.
- शाफ्टवर चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून मध्ये बसणारा छोटा लोखंडी तुकडा) बसायची खाच आहे का.

काही गाड्यांत, मुख्यतः डिझेलमध्ये, अल्टरनेटरला एकाच दिशेला पकडणारी क्लच पुली असते. तोंडावर प्लॅस्टिकचं झाकण दिसलं तर बहुधा तीच. तिच्या जागी साधी पुली ठोकू नका, आणि ती काढायला तिचंच खास सॉकेट लागतं. तपासायला आतला शाफ्ट धरून बाहेरची कड फिरवा. एका बाजूला मोकळी फिरायला हवी, दुसऱ्या बाजूला लगेच धरायला हवी. दोन्हीकडे फिरली किंवा दोन्हीकडे धरली तर ती गेली.

सोबत नवा स्प्रिंग वॉशर घ्या. नट स्वतः लॉक होणारा असेल तर नटही नवा.

३. हत्यारं आणि आदल्या रात्रीचं काम

१० ते १७ मिमीचे पाने आणि सॉकेट, पुलीच्या नटासाठी बहुधा २२ किंवा २४ मिमीचा खोल रिंग पाना, ८ आणि १० मिमीची ॲलन की, टॉर्क रेंच, दोन जबड्यांचा पुलर, लांब टॉमी (रेटा द्यायचा लोखंडी दांडा), सरळ धारेची स्टीलची पट्टी, मल्टिमीटर, तारेचा ब्रश.

आदल्या रात्री अल्टरनेटरच्या खालच्या झुलत्या बोल्टवर आणि वरच्या पट्टीच्या नटावर गंज सोडवणारं तेल सोडा. खालचा बोल्ट अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियमच्या कानातून (भोक असलेल्या बाहेर आलेल्या टोकातून) जातो, वर्षानुवर्षं तिथे पाणी-चिखल बसलेला असतो. तो सकाळी कोरडाच, पान्याला पाइप लावून ओढला तर बोल्टच्या आधी कान तुटतो, आणि मग पुलीऐवजी अल्टरनेटरची खरेदी होते. तेल बेल्टवर सांडलं तरी चालेल, तो जाणारच आहे. इंजिनच्या दुसऱ्या पुल्यांवर मात्र उडू देऊ नका.

आणि बेल्टच्या वाटेचा फोटो काढा. दोन-तीन बेल्ट असतील तर नक्कीच.

४. बॅटरीचा निगेटिव्ह आधी

हा टप्पा वगळायचा नाही. अल्टरनेटरच्या मागचा जाड वायरचा नट थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेला असतो, मध्ये किल्लीचा संबंध नाही. त्या नटावरचा पाना इंजिनला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. निगेटिव्ह काढून, टोक टर्मिनलला परत चिकटणार नाही असं कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

खालून काम करायचं असेल तर गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही.

५. बेल्ट उतरवणं

क्रम असा: खालचा झुलता बोल्ट अर्धा-एक फेरा ढिला, मग वरच्या पट्टीचा लॉक बोल्ट ढिला, मग ताणाचा स्क्रू असेल तर तो उलटा. खालचा बोल्ट न सोडता वरून अल्टरनेटर ढकलत बसणं ही नेहमीची चूक. तो हलतो, पण कान पिळून हलतो.

एसी किंवा पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट पुढच्या बाजूला असेल तर आधी तो काढावा लागेल. अल्टरनेटर इंजिनच्या दिशेने पूर्ण आत ढकलला की बेल्ट हाताने निघतो.

तपासणी: बेल्ट नाही तोवर वॉटर पंपाची पुली हाताने फिरवा आणि वर-खाली हलवून बघा. खडखड, खेळ किंवा कूलंटचे वाळलेले डाग दिसले तर पंपाचं काम याच वेळी करा. पुन्हा इतकं मोकळं सापडणार नाही.

६. अल्टरनेटर बाहेर

मागची जाड वायर आणि कनेक्टर काढा. कनेक्टर कुलूप दाबूनच काढायचा, जुनं प्लॅस्टिक ओढलं की तुटतं. एकसारख्या दोन वायर असतील तर चिकटपट्टीने खूण करा. मग बोल्ट काढून अल्टरनेटर बाहेर घ्या. बोल्टवरचे वॉशर आणि फटीतल्या पातळ चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवा. पुलीची रेष त्या चकत्यांवर ठरलेली असते.

पुढे मोकळी जागा असेल तर पुली गाडीवरच बदलता येते. तरीही टेबलावर काम केलेलं बरं, कारण बेअरिंग नीट तपासता येतं.

७. पुलीचा नट सोडणं

शाफ्टच्या टोकात षटकोनी खाच असेल तर काम सरळ आहे. नटावर खोल रिंग पाना, त्याच्या मधून शाफ्टमध्ये ॲलन की. की स्थिर धरायची आणि नट डावीकडे फिरवायचा. खाचेतली घाण टोकदार तारेने आधी खरवडून काढा. की पूर्ण आत बसली नाही तर पहिल्याच झटक्याला खाचेचे कोपरे गोल होतात.

खाच नसेल तर जुना व्ही बेल्ट उपयोगी पडतो. तो पुलीच्या खोबणीत घट्ट गुंडाळून व्हाइसमध्ये धरा. रबर पुलीला पकडतं आणि खोबणीवर ओरखडा येत नाही. पुली बादच करायची असली तरी तिला थेट जबड्यात आवळू नका, त्या दाबाने शाफ्ट वाकू शकतो. इम्पॅक्ट गन असेल तर हातमोजा घालून पुली धरा आणि थोडे-थोडे झटके द्या. जुना नट बहुतेक वेळा दोन-तीन झटक्यांत सुटतो.

काय करू नये:

- पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवून शाफ्ट धरू नका. पाती वाकली की पंखा असमतोल होतो, आणि शिट्टीसारखा आवाज मागे लागतो.
- गॅसच्या ज्योतीने नट तापवू नका. मागेच बेअरिंगचं ग्रीस आणि सील आहे.
- पुलीच्या मागे दोन पेचकस घालून उचकू नका. पुढचं ॲल्युमिनियमचं तोंड तडकतं. अडली तर पुलर लावा.

पुली निघाली की मागचा स्पेसर, बाहेरचा पंखा असल्यास तो, आणि अर्धचंद्र चावी सांभाळा. ही चावी तेलकट फरशीवर पडली की सापडत नाही. खाली पांढरं कापड अंथरून ठेवा.

तपासणी: आता शाफ्ट बोटांनी सावकाश फिरवा. कार्बन ब्रशचा हलका, सारखा अडसर लागेल, तो ठीक आहे. वाळू भरल्यासारखं खरखरलं किंवा शाफ्ट वर-खाली हलला, तर बेअरिंग गेलंय. यावर नवी पुली चढवून उपयोग नाही.

८. नवी पुली बसवणं

शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने पुसा, आटे तारेच्या ब्रशने साफ करा. आटे कोरडे ठेवा. तेल लावलं तर टॉर्क रेंच तोच आकडा दाखवत असताना नट प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

स्पेसर, पंखा, चावी, पुली, वॉशर, नट, म्हणजे काढताना मांडलेल्या क्रमाच्या बरोबर उलट. पुली हाताने सरकत जायला हवी. हातोडी लागत असेल तर भोकाचं माप चुकलंय किंवा चावी वर आलीय. हातोडीचा प्रत्येक घाव सरळ बेअरिंगवर जातो.

नट टॉर्क रेंचने आवळा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच घ्या, नसेल तर साध्या पुलीसाठी ६० ते ८० न्यूटन-मीटर ही सर्वसाधारण मर्यादा. सोडताना इम्पॅक्ट गन चालते, आवळताना नाही. ढिला राहिलेला नट पुलीला शाफ्टवर डुलायला लावतो, आणि काही दिवसांत भोक, चावी, शाफ्ट तिन्ही खराब.

तपासणी: पुली फिरवून कडेने बघा. ती डगमगत फिरत असेल तर मागे कचरा किंवा तिरका स्पेसर आहे. पुढे न जाता परत काढा.

९. जागेवर बसवणं आणि रेषा बघणं

दोन्ही बोल्ट घाला, पण अजून आवळू नका. खालच्या बोल्टच्या मागच्या कानात काही अल्टरनेटरना सरकणारी स्टीलची बुश असते. ती आत गंजून अडकली असेल तर कान ब्रॅकेटला नीट मिळत नाही. बोल्ट आवळला की एक तर कान तुटतो, नाही तर अल्टरनेटर तिरका ओढला जातो. बुश ठोकून मागे सारा, मग बोल्ट घाला.

आता सरळ पट्टी क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टवरच्या, बेल्ट फिरवणाऱ्या) पुलीच्या तोंडाला टेकवून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत न्या. दोन्ही पुल्यांचे काठ सारख्या जाडीचे नसतील तर पट्टी टेकते की नाही याला अर्थ नाही. पट्टीपासून खोबणीच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. साधारण ३०० मिमी अंतरावरच्या पुल्यांत फरक एक मिलीमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर चकत्या बदला. ब्रॅकेट ठोकून वाकवू नका.

१०. बेल्ट चढवणं आणि ताण

अल्टरनेटर आत ढकललेला असताना बेल्ट हाताने चढला पाहिजे. पेचकसने काठावरून उचलून चढवला, किंवा स्टार्टर मारून आत ओढला, तर आतले दोर तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि बेल्ट काही आठवड्यांत एका बाजूने उसवतो. हाताने चढत नसेल तर नंबर चुकलाय.

रिबचा बेल्ट असेल तर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून रिब मोजा. एक रिब बाहेर लटकते आणि वरून दिसत नाही, खालच्या क्रँक पुलीवर तर हमखास. अशाने पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये बेल्टची कड फाटते.

ताण लावायला टॉमी वापरायची असेल तर ती अल्टरनेटरच्या पुढच्या, पुलीकडच्या जाड तोंडाला लावा. मागच्या अर्ध्या भागाला किंवा मधल्या पत्र्यांच्या चकत्यांना नाही. ताण धरून ठेवा, आधी वरचा लॉक बोल्ट आवळा, मग खालचा. ताणाचा स्क्रू असेल तर पाव-पाव फेरा फिरवा आणि मध्ये इंजिन क्रँकच्या बोल्टवरून, त्याच्या नेहमीच्या दिशेने, हाताने दोन फेरे फिरवा. गाडी न्यूट्रलमध्ये. न फिरवता मोजलेला ताण फसवा असतो, कारण बेल्ट एका बाजूला जास्त ताणलेला राहतो.

मोजायचं कसं? दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने १० किलोचा दाब द्या. व्ही बेल्ट साधारण १० मिमी दबायला हवा, नवा असेल तर ८ च्या आसपास. रिबचा बेल्ट याहून कमी दबतो, त्याला मॅन्युअलचाच आकडा घ्या. अंगठ्याचे १० किलो म्हणजे वाटतं त्यापेक्षा बराच जास्त जोर असतो. विश्वास नसेल तर एकदा वजनकाट्यावर अंगठा दाबून बघा, म्हणजे हाताला अंदाज येईल. दाब कमी दिला तर बेल्ट ढिला राहतो.

तपासणी: पुलीच्या नटावर पाना लावून आवळण्याच्या दिशेने हलका जोर द्या. पुली बेल्टमध्ये घसरली तर ताण कमी आहे.

११. चालू करून बघणं

वायर जोडा, जाड वायरच्या नटावरची रबरी टोपी परत चढवा, कनेक्टर कटकन बसल्याची खात्री करा, शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह. बेल्टजवळ पाना, कापड, टॉर्च राहिलेली नाही हे बघून मगच किल्ली लावा. बाही आणि केस आवरलेले हवेत.

बंद इंजिनवर चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.४ ते १२.७ असतं. चालू केल्यावर, थोडी रेस ठेवून, १३.८ ते १४.५ यायला हवं. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू करा. १३.५ च्या खाली घसरत असेल आणि सोबत चीं आवाज येत असेल तर बेल्ट घसरतोय. आवाज नसताना घसरत असेल तर अल्टरनेटर किंवा वायरिंग बघा. चालत्या इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासायची जुनी युक्ती करू नका, डायोड आणि गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स त्यात जळतं.

दहा मिनिटं चालवून इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा मोजा. नवा बेल्ट खोबणीत बसतो तसा ढिला होतोच, तो आता वापरलेला बेल्ट धरायचा, म्हणजे १० मिमी. हाच ताण २०० ते ५०० किलोमीटरनंतर परत एकदा बघा. महिन्याभरात परत ओरडणारे बरेच बेल्ट हीच दुसरी तपासणी राहिलेले असतात.

तरीही आवाज राहिला तर

फक्त थंड इंजिनवर, दमट हवेत दोन सेकंद चीं आणि मग शांत: ताण थोडा कमी. आयडलला लयीत चिरचिर, रेस दिल्यावर गायब: रेषा चुकली, टप्पा ९ परत करा. रेस वाढवली की वाढणारी सलग घरघर: हा बेल्ट नाही, बेअरिंग आहे. बेल्ट काढून इंजिन एका मिनिटापेक्षा कमी वेळ चालवून बघा. आवाज गेला तर बेल्टवरच्याच कुठल्यातरी पुलीचं बेअरिंग, राहिला तर इंजिनात शोधायचं. ज्या गाडीत वॉटर पंप याच बेल्टवर आहे तिथे या चाचणीत एका मिनिटाच्या वर जाऊ नका.